आयोडीनचा कौल

डॉक्टर म्हणाले, "कर्बोदकं कमी करा." कोणती, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट स्टुलावर बसलासुद्धा. पण शाळेतलं शास्त्र माझ्या अंगात भिनलेलं होतं: आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं झालं की स्टार्च.

टिंक्चर आयोडीनची बाटली आणून मी स्वयंपाकघरात न्यायनिवाडा सुरू केला. भात, बटाटा, पोळी तिन्ही काळीनिळी पडली, हद्दपार. कच्चं केळंही तसंच. पिकलेलं मात्र फारसं बदललं नाही, कारण पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते. मला काय, ते पास! गूळ पास, मध पास, जिलबीचा पाक तर निष्कलंक. इतकं गोड पथ्य क्वचितच कुणी इतक्या निष्ठेने पाळलं असेल.

स्टार्चमध्ये अमायलोज नावाची ग्लुकोजची लांब साखळी असते. तिच्या वेटोळ्यांत आयोडीन शिरलं की निळा रंग येतो. ग्लुकोजचा रेणू सुटा, आणि साखर म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी. तिथे वेटोळंच नाही, तर आयोडीन शिरणार कुठे? म्हणजे ज्या ग्लुकोजला पचायचीही गरज नाही, थेट रक्तात जायचं, तोच माझ्या कोर्टात निर्दोष सुटत होता. (भातही काही गरीब नाही, रक्तातली साखर चढवण्यात तो साखरेच्या तोडीचा आहे.)

एकादशीला साडू फराळाला आले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तरी वाफाळत्या खिचडीच्या चमचाभर नमुन्यावर रंग धरेना. "पास!" मी ओरडलो आणि दोन बश्या संपवल्या. तेवढ्यात नमुना गार झाला आणि काळानिळा पडला. उष्णतेने हा रंग जातो, गार झाल्यावर परत येतो, हे मला तेव्हा कळलं.

"अहो, आता ती बाटली ठेवा!" ही ओरडली. मी दचकलो आणि उरलेलं आयोडीन साडूंच्या कडक खळ केलेल्या झब्ब्यावर सांडलं. झब्बा सुती, म्हणजे सेल्युलोज. खळ म्हणजे स्टार्च. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्यांची जोडणी वेगळी. सेल्युलोजची जोडणी तोडणारं विकर आपल्याकडे नाही, गाईच्या पोटातल्या जंतूंकडे असतं. तेव्हा झब्बा गाईला पचेल, मला फक्त खळ, असं मी साडूंना समजावत होतो. ते झब्बा काढत होते.

पुढच्या तपासणीत माझी साखर आणखी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गूळ, मध, जिलबी बंद केली, भात-पोळी मोजून दिली आणि भाज्या, कडधान्यं वाढवली. त्यांतला न पचणारा चोथाच साखर हळू चढू देतो म्हणाले.

तुमच्याकडे असा डाग पडलाच, तर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून लावा. निळा रंग बघता बघता उडतो.