श्री. ‘नंतर बघू’ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. नंतर बघू,
मुक्काम घरोघरी, बुधवार पेठ, पुणे 411002

स. न. वि. वि.

बुधवार पेठेत आपला जम किती जुना आहे, हे सांगायला इतिहासकार नको. 1848 मध्ये ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्या वाड्याच्या स्मारकाची फाईल वर्षानुवर्षं आपल्याच मांडीवर झोपली होती. वाडा उतरवून जागा मोकळी व्हायला डिसेंबर 2023 उजाडला. पण वाडे आणि रस्ते ही आपली किरकोळ कामं. आपलं खरं कर्तृत्व घराच्या आत आहे आणि त्याचा जाहीर गौरव राहून गेला आहे. तेवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारण्यात आलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या 1.9 टक्के. स्तनांच्या तपासणीचा आकडा त्याहून खाली, 0.9 टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी आपल्या पदरात. अभिनंदन!

हे यश सोपं नव्हतं. याच पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा बल्ब घेणारं गिऱ्हाईक तो होल्डरला लावून पेटवून दाखवल्याशिवाय पैसे देत नाही. तेच गिऱ्हाईक घरी आलं, की बायकोच्या तपासणीचा विषय निघताच आपल्याला पाट मांडतं. आधी मुलाची दहावी, मग सासूबाईंचा मोतीबिंदू, मग गौरी-गणपती, मग दिवाळी. बाईचंही आपल्याशी उत्तम जमतं. दुखणं अंगावर काढणारीला या गावात अजून ‘सोशिक’ म्हणून मान आहे. आणि काहीच दुखत नसताना तपासून घ्यायचं म्हटलं, तर आपलं सुभाषित तयारच असतं : ‘काही होत नाहीये ना, मग कशाला उगीच?’ काही होत नसतानाच ही तपासणी करायची असते, हे आपण कोणाच्या कानावर जाऊ देत नाही.

तपासणी काय असते, तेही आपण छान झाकून ठेवलं आहे. व्हीआयए नावाच्या पद्धतीत प्रशिक्षित नर्स गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावते. चायनीज करताना घरात वापरतात त्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे कळतो. कॅन्सर होण्याआधीचा बदल सापडला, तर योग्य रुग्णांत तो भाग गोठवून किंवा उष्णतेनं नष्ट करता येतो, पोट उघडावं लागत नाही. केंद्र सरकारनं 2016 मध्ये ठरवून दिलं, की 30 ते 65 वयाच्या प्रत्येकीची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, जोडीला स्तन आणि तोंडाचीही. त्यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा नेमका बघायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयए तितकी भरवशाची राहत नाही. ‘मोकळी झाले की जाईन’ असं बाईकडून वदवून घेण्यात आपण किती दूरदृष्टी दाखवलीत, ते यावरून कळतं.

आपले भागीदार एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हे तर अगदी सबुरीचे गृहस्थ. जवळजवळ सगळ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे तेच असतात. पण संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पोचायला त्यांना साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एवढी मुदत दुसरा कुठला कॅन्सर क्वचितच देत असेल. ती सगळी वाया घालवायला आपल्याइतका कसलेला माणूस हवा. 2022 मध्ये देशात या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू असा अंदाज नोंदला गेला. भागीदारी फळाला आली म्हणायची.

कधी कधी मात्र लोक आपलं ऐकत नाहीत. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1999 साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साथीनं मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका. एका भागात एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली आणि गरज पडली त्यांना उपचार मिळाले. आणखी एका भागात नेहमीची व्यवस्था तशीच राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं 34 जणी गेल्या. साधारण तेवढ्याच संख्येच्या दुसऱ्या गटात 64. आयुष्यातल्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांना त्यांचा आधार झाला. ज्या शेतमजूर आणि शेतकरी बायकांमुळे जगाला हे कळलं, त्यांच्याच राज्यात आपण आजही मानानं नांदता आहात.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही आपला असाच अपमान झाला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन टाटा मेमोरियलनं व्हीआयए करायला लावलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. याच आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासत होत्या. वीस वर्षांचा हिशोब 2021 मध्ये आला, तेव्हा पन्नाशी पार केलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून प्रत्येक तपासणी प्रत्येकीला, हाही शहाणपणा नव्हे.

कोणती तपासणी कोणाला, हा शहाणपणा मात्र आपण बाजारावर सोपवला आहे. आठ मार्च जवळ आला, की ‘महिला दिन विशेष’ पॅकेजचे फलक झळकतात. रक्ताच्या एका नळीत डझनावारी चाचण्या, वर सवलत. थायरॉइड आहे, जीवनसत्त्वं आहेत, कोलेस्टेरॉल आहे. गर्भाशयमुख रक्ताच्या नळीत मावत नाही, त्यामुळे अशा यादीत ते बहुतेकदा नसतं. पण कागदांची जाड चळत घरी येते, बाईला वाटतं सगळं तपासून झालं, आणि आपल्याला आणखी पाच वर्षं निवांत मिळतात.

आता पेठेतला नाजूक विषय. दगडूशेठच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या गल्ल्यांत देहविक्री करणाऱ्या बायका राहतात. पक्का पत्ता नाही, कागदपत्रांची वानवा, भाषा कानडी, बंगाली, नेपाळी. तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्यांची एचआयव्ही तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायची असते, आणि सहेली संघासारख्या त्यांच्याच संघटना त्यांच्या आरोग्यासाठी खपत आल्या आहेत. म्हणजे मनावर घेतलं, तर सहामाही तपासणीसुद्धा जमते. त्या शिस्तीमागे रोग गिऱ्हाईकाबरोबर त्याच्या घरी जाऊ नये, हीही काळजी होती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर गिऱ्हाईकाला होत नाही. या कॅन्सरच्या तपासणीला ती शिस्त अजून लाभायची आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो. पुण्यातल्या ‘प्रयास’नं अशा बायकांच्या गर्भाशयमुख तपासणीवर नेटानं काम केलं, पण एक संस्था आपल्याला कुठवर पुरी पडणार?

जिथे तपासणी पोचत नाही, तिथे भीती आधी पोचते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्यावर कॅन्सरचा बागुलबुवा दाखवून शस्त्रक्रिया झाल्याचं अनेकींनी सांगितलं. एका वेळच्या साध्या तपासणीला वेळ नव्हता. ऑपरेशनला मात्र कोणी ‘नंतर बघू’ म्हणालं नाही. तिथे आपण कुठे गेला होता?

सरकारनं आपल्याविरुद्ध आघाडी उघडली नाही, असं नाही. 26 सप्टेंबर 2022 ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यभर 18 वर्षांवरच्या बायकांच्या तपासणीची मोहीम सुरू झाली. त्याच दिवशी पेठेत तांबड्या जोगेश्वरीसमोर रांग लागली होती. मोहिमेचं नाव होतं, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. बाईनं सुरक्षित राहायचं तेही घरासाठी, एवढा आपला मान सरकारनंही राखला. इकडे हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची लस 2023 मध्ये बाजारात आली. ती लहान मुलींसाठी मोलाची आहे, पण त्यांच्या आयांना तपासणीवाचून सुटका नाही. आणि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी चुकत नाही.

सबब विनंती एवढीच, की तिशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत आपण पाच वर्षांतून एक दिवस रजा टाकावी. बिनपगारी चालेल.

कळावे,
बुधवार पेठेतले काही रहिवासी

ता. क. : हे पत्र श्री. नंतर बघू यांच्याऐवजी घरातल्या बाईच्या हाती पडलं, तर तिनं एवढं करावं. वय तीस पूर्ण असेल, तर महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा ससून रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी, पाळीचे दिवस सोडून जावं आणि स्तनही तपासून घ्यावेत. एचआयव्ही असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार सुरुवात पंचविशीत करावी. संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, स्तनात गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.