धोटाबदल-मीमांसा

मालेगावच्या यंत्रमागावर धोटा बदलणे ही बाब किरकोळ समजली जाते. सर्व अनर्थांचे मूळ तिथेच आहे, असे प्रस्तुत प्रबंधकाराचे मत आहे.

धोटा ऊर्फ शटल. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी. पिकरचा फटका बसला की तो ताण्याच्या दोन थरांमधून पलीकडच्या पेटीत जातो आणि तसाच परत येतो. नवा धोटा मापाला तंतोतंत असेल तर मिस्त्री मागाला हात न लावता तो चढवतो. थोडा जाड निघाला की पेटीपासून सगळी जुळणी नव्याने करावी लागते. संगणकातही तसेच: प्रोग्राम ज्या लायब्ररीच्या आधारे चालतो तिची नवी आवृत्ती आली आणि जुना प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता चालला, तर संगणकवाले त्याला बायनरी सुसंगती म्हणतात. मालेगावात, मोसम नदीच्या काठी, हे ज्ञान आधीपासून होते, फक्त त्यावर कोणी पीएचडी केली नाही.

पूर्वपक्ष: लायब्ररीतल्या फंक्शनचे नाव तेच आहे, मग बिघडले कुठे?

उत्तर: समजा, एका स्ट्रक्चरमध्ये चार-चार बाइटचे दोन आकडे आहेत. कोणा उत्साही माणसाने मधे तिसरा घुसवला. दुसऱ्याची जागा ४ वरून ८ वर गेली. जुना प्रोग्राम मात्र ४ वरच वाचत बसतो आणि भलताच आकडा खरा मानून पुढे जातो. हे पकडायला एबीआयडिफ नावाचे साधन आहे. ते दोन आवृत्त्या शेजारी ठेवून मापे ताडते.

पण वजनाचे काय? माप जुळूनही हलका-जड धोटा पेटीपर्यंत न पोचता ताण्यातच अडकू शकतो. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीवर नेमके हेच झाले. जीलिबसी या तिथल्या मूळ लायब्ररीतल्या ‘मेमकॉपी’ या बाइट नकलणाऱ्या फंक्शनचे नाव तेच, मापही तेच, फक्त बाइट उचलायची दिशा बदलली. अडोबीचा फ्लॅश प्लेयर एकमेकांवर चढलेल्या जागांतही तिचा वापर करत होता. नियमाने ते चूकच. पण फ्लॅशमधला आवाज खरखरू लागला आणि शिव्या लायब्ररीने खाल्ल्या. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स त्या वादात फ्लॅश वापरणाऱ्यांच्या बाजूने उतरले. आम्हीही त्यांच्याच बाजूचे. गिऱ्हाइकाला नियम काय दाखवता!

जीलिबसीच्या २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोड निघाली: नव्या मेमकॉपीला नवा शिक्का, जुन्या प्रोग्रामांना जुनीच वागणूक. नेहमीच्या ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर लायब्ररीच्या एकाच फाइलमध्ये आजही दोन मेमकॉपी नांदतात.