‘प्लस-प्लस’ साहेबांना जामसांवलीहून अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान प्लस-प्लस साहेब,
किमतीच्या उजव्या खांद्यावर, मेन्यूकार्ड, सिंगापूर.



पत्रास कारण की, नागपूरला एमबीए शिकणारी सौंसर-पांढुर्ण्याची पोरं ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास दौऱ्या’वर आपल्या गावी येतात. निघण्याआधी जामसांवलीच्या पहुडलेल्या मारुतीपुढे नारळ फुटतो. दौऱ्याच्या माहितीपत्रकात विमान, हॉटेल, नाश्ता आणि कंपनीभेट ठळक असते. दुपारचं आणि रात्रीचं जेवण मात्र ‘स्वखर्चाने’ या एका बारीक शब्दात उरकलेलं. कारखानाच बघायचा तर इथून जवळ, बोरगावला, रेमंडचा आहे की! पण तो बघून पोरगं जेवायला घरी येतं, आणि मग दौऱ्याला आंतरराष्ट्रीय कोण म्हणेल?

साहेब, आपली ओळख बापमंडळींना बिलावरून झाली. किमतीपुढच्या ‘++’मधला पहिला प्लस म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क. दुसरा म्हणजे जीएसटी, 2024 पासून 9 टक्के. दोघे शेजारी-शेजारी उभे असते तर हरकत नव्हती, पण दुसरा पहिल्याच्या डोक्यावर चढून बसतो. कर लागतो तो सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर. म्हणून 20 डॉलरच्या ताटाचे आधी 22 होतात आणि मग 23 डॉलर 98 सेंट. सिंगापुरी डॉलरला 65 रुपये जरी धरले तरी वरचे चार डॉलर अडीचशेच्या पुढे जातात. सौंसरच्या साध्या भोजनालयात तेवढ्यात दोघांचं जेवण निघतं. शिवाय परकीय चलनात कार्ड घासलं म्हणून बँकही आपला दोन-तीन टक्क्यांचा हात धुऊन घेते, तो वेगळा.

आपले शिष्यही तयारीचे. काही चिनी रेस्टॉरंटांत पोरं टेकतात न टेकतात तोच शेंगदाण्यांची वाटी आणि पाकीटबंद ओला रुमाल पुढ्यात येतो. इकडे पाहुण्यापुढे ठेवलेलं परत पाठवणं म्हणजे यजमानाचा अपमान. पोरं संस्कारी. दाणे संपवतात, तोंड पुसतात, आणि बिलात दोन्ही भेटतात. आधीच ‘नको’ म्हटलं असतं तर उचलून नेलं असतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. नळाचं पाणी तिथे बिनधास्त पिण्याजोगं, तरी कित्येक ठिकाणी पाण्याच्या पेल्याचेही पैसे पडतात.

भारतात आपल्या पहिल्या प्लसचं फारसं जमलं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं, सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. सिंगापुरात मात्र आपण रीतसर, छापील आणि निर्धास्त.

तरी एक चहाडी करायची आहे. आपल्याच शहरात आपल्याला दाराबाहेर ठेवणारी जागा आहे: हॉकर सेंटर. 1968-69 मध्ये सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1986 पर्यंत त्यांना नळ-मोरी असलेल्या छपराखाली बसवलं. 2020 मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारसा म्हटलं. तिथे सेवाशुल्क नाही. आपलं ताट आपण आणायचं, खाऊन झालं की आपणच नेऊन ठेवायचं. बहुतेक गाडेवाल्यांची उलाढाल वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत, त्यामुळे जीएसटी-नोंदणीची सक्तीही नाही. टेबल अडवायला कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं की झालं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. शाकाहारी पोरांसाठी लिटल इंडियात 1947 पासूनचं कोमला विलास आहे. धंद्याचं शास्त्र शिकायचंच तर पोरांनी टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमधल्या एखाद्या गाड्यासमोर तासभर बसावं: भाडं किती, माणसं किती, दर कसा परवडतो. कंपनीच्या सभागृहातल्या स्लाइडांपेक्षा ते कामाचं, आणि जेवणही तिथेच होतं.

दौऱ्याचे आयोजक मात्र गटाला घेऊन आपल्याच दारात येतात. चाळीस जणांना एकत्र बसायला जागा हवी, हे त्यांचं कारण.

आणखी एक. सिंगापुरात जागोजागी संत्र्याचा ताजा रस काढून देणारी यंत्रं आहेत. दोनेक डॉलर टाकले की चार संत्री डोळ्यांदेखत पिळली जातात. संत्र्याच्या मृग बहाराचा सौदा पडेल भावाने देऊन आलेल्या बापाचा पोरगा त्या काचेसमोर उभा राहून फोटो पाठवतो. किंमत छापील, प्लस एकही नाही. बाप फोटो मोठा करून यंत्राचा दरच बघत बसतो.

कळावे,
आपले,
संत्रा-बागायतदार पालक,
मु. जामसांवली, ता. सौंसर,
जि. पांढुर्णा (2023 पर्यंत छिंदवाडा)

ता. क. पुढच्या वर्षी दौरा दुबईला न्यावा, अशी सूचना आहे. तिथे 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे, पण तो छापील किमतीतच धरून दाखवावा लागतो. साहेबांची तिकडे बदली होणार असल्यास आगाऊ कळवावे.