रिचार्जचा अधिक महिना

पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा सासुरवाडीच्या मंडळींनी जावयांना तेहतीस अनारसे मोजून दिले आणि पुढच्या तीन वर्षांची सुटका करून घेतली. मोबाइल कंपन्या आपल्यापेक्षा धार्मिक निघाल्या. त्यांच्याकडे अधिक महिना दरवर्षी येतो. त्यांचा महिना २८ दिवसांचा, आणि २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. हा तेरावा महिना अधिकाचा. वाण आपण द्यायचं, आणि जावई कोण ते सांगायला नको. खरा जावई निदान दोन घास खाऊन आशीर्वाद तरी देतो. हा रात्री बाराच्या ठोक्याला ताटातलं उरलेलंही घेऊन जातो.

या पंचांगाला कोणी हरकतच घेतली नाही असं नाही. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवावा आणि किमान एक असा ठेवावा की तो दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल. कंपन्यांनी आदेश शिरसावंद्य मानला. प्लॅन आले. ते शोधून दाखवणाऱ्याला एक महिन्याचा रिचार्ज फुकट द्यावा, अशा जागी ते ठेवले गेले. बाकी सगळा बाजार २८, ५६ आणि ८४ या पाढ्यावर चालू राहिला. शाळेत अठ्ठावीसचा पाढा म्हणताना अडखळणारी पोरं आता तो झोपेतही म्हणतात, हा त्यातला शैक्षणिक लाभ.

आमच्या कट्ट्यावर या विषयावर मतांची टंचाई नाही. एक निवृत्त गृहस्थ कृतज्ञ गटातले. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हापासूनचे दर त्यांना तोंडपाठ आहेत. ‘अहो, तेव्हा आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे! तुम्ही आता कुरकुरताय?’ दुसरे जागतिक गटातले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे आणि त्याचं फोनचं बिल डॉलरमध्ये येतं. ते बिल रुपयात करून ते आम्हाला ऐकवतात. मुलाचा पगार मात्र रुपयात करून सांगत नाहीत. तिसरा तरुण आहे, बाजारपेठेवर त्याची नितांत श्रद्धा. ‘परवडत नाही? पोर्ट करा ना काका! स्पर्धा आहे.’

स्पर्धा आहेच. २०२४ च्या जुलैत ती सगळ्यांनी पाहिली. ३ तारखेला जिओ आणि एअरटेलचे दर वाढले, ४ तारखेला व्होडाफोन आयडियाचे. इतकी चुरशीची शर्यत की तिघांत जेमतेम एका दिवसाचं अंतर! जिओचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २३९ चा २९९ झाला. पोर्ट करायचं तर कुठून कुठे? बऱ्याच लोकांनी बीएसएनएलची वाट धरली, कारण तिथे दर वाढले नव्हते. त्यातले काही जण अजून फोन आला की गच्चीवर जातात. व्यायाम होतो म्हणतात.

सरकारचं मत कट्ट्यापेक्षा वेगळं नाही, फक्त ते मंचावरून येतं. आपल्याकडे एक जीबी डेटा चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे, असं अभिमानाने सांगितलं जातं. हिशेब खोटा नाही. पण चहावाला मला एक कप देतो. मी ‘एकच’ म्हटलं तर तो ‘निदान बेचाळीस घ्या’ म्हणत नाही. रोज दीड कप पिऊन अठ्ठावीस दिवसांत ते संपवा, आज अर्धा उरला तर मध्यरात्री मोरीत ओतणार, आणि अठ्ठाविसावा दिवस उलटला की दुकानाच्या पायरीवरही उभं राहू देणार नाही, अशी अट घालणारा टपरीवाला अजून महाराष्ट्रात जन्मलेला नाही.

मोरीत ओतण्याची गोष्ट ज्यांना कळत नाही त्यांनी आमच्या चौकातल्या रिचार्जच्या दुकानात अर्धा तास उभं राहावं. काउंटरवर काचेखाली मोबाइलची कव्हरं, वर क्यूआरचा फलक, आणि पैसे आले की खणखणीत मराठीत ओरडणारा डबा. परवा तिथे एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून दोन शंभराच्या नोटा काढल्या.

‘दादा, नुसता फोन येण्यापुरता टाक. मला करायचा नसतो, लेकीचा येतो.’

‘मावशी, तसलं आता नसतं. हे बघा, यात रोजचा डेटा पण आहे.’

‘ते काय करू मी?’

‘व्हिडिओ बघा.’

मावशींनी फोन पुढे केला. बटणांचा होता, आणि त्यातलं पाचाचं बटण निघालेलं.

दुकानदार माणूस चांगला. त्याने सांगितलं की नुसत्या बोलण्याचाही पॅक आलाय. आलाय हे खरं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनेच नियम केला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवा, आणि अशा पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत न्यायला मोकळीक दिली. कंपन्यांनी तोही शिरसावंद्य मानला. जिओचा पॅक आला ८४ दिवसांचा, ४४८ रुपयांना. एअरटेलचा ८४ दिवसांचा, ४६९ रुपयांना. महिन्याला दीडशेच्या आसपास पडतो, म्हणजे स्वस्तच. फक्त तीन महिन्यांचे पैसे एकदम मोजायचे. ज्याच्याकडे साडेचारशे रुपये एकरकमी आहेत त्याला गरिबांचा पॅक मिळतो. ज्याच्याकडे दोनशेच आहेत त्याने श्रीमंतासारखा व्हिडिओ बघावा. आणि ज्याला वर्षभराची निश्चिंती हवी त्याच्यासाठी जिओने १७४८ रुपयांचा पॅक काढला. नियमाने मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येत होती. पॅकची मुदत ३३६ दिवस. बारा गुणिले अठ्ठावीस. पंचांग मोडू दिलं नाही!

आता कोणी म्हणेल, मावशींनी फोन ठेवूच नये. लेकीला पत्र लिहावं. हा सल्ला कट्ट्यावर खरोखर दिला गेला. पण फोन ही मावशींची हौस राहिलेली नाही, सरकारची गरज आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बहिणीच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार होता, आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागणार होता. म्हणजे घरात दोन फोन जिवंत हवेत. बँकेचा ओटीपी वेगळा. फोन नसला तर तुम्ही माणूस आहात, पण लाभार्थी नाही. आणि वैधता संपली की आधी आउटगोइंग जातं, मग थोड्या दिवसांनी इनकमिंगही जातं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की रिचार्ज हा खर्च नाही, कर आहे. जो भरल्याशिवाय सरकारदारी उभं राहता येत नाही, तो कर. फरक इतकाच की हा कर कुठल्याही अर्थसंकल्पात वाचून दाखवला जात नाही, त्यावर सभागृहात गदारोळ होत नाही, आणि तो वाढला तर कोणाला राजीनामा मागायचा हे विरोधकांनाही कळत नाही. दर कंपनीने ठरवायचे आणि सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचे, अशी पद्धत आहे. परवानगी नव्हे, खबर. पाच जणांच्या घरात प्रत्येकी २९९ चा प्लॅन असेल, तर त्या तेराव्या, अधिकाच्या रिचार्जचेच १४९५ रुपये होतात. लाडक्या बहिणीचा हप्ता १५०० चा. पाच रुपये उरतात. बाहेर पडलं की चहा दहाला आहे.

सरकार यात तिऱ्हाईत आहे असंही नाही. २९९ मधले साधारण पंचेचाळीस रुपये जीएसटीचे. सप्टेंबर २०२५ मध्ये पुष्कळ वस्तूंचा जीएसटी खाली आला, मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, त्याचा उत्सवही झाला. रिचार्ज मात्र १८ वर होता तो १८ वरच राहिला. त्यामुळे मावशींचं इनकमिंग आणि बंगल्यातला एसी आता एकाच पंक्तीला जेवतात. समता म्हणतात ती हीच असावी. शिवाय बीएसएनएल सरकारचं, आणि थकलेली देणी समभागांत वळवल्यापासून व्होडाफोन आयडियातही जवळजवळ निम्मा वाटा सरकारचाच. स्पेक्ट्रमच्या लिलावाचा पैसा, परवाना शुल्क ही वेगळी मिळकत. इतक्या बाजूंनी नातं जुळल्यावर दर कमी करा असं कोणाला सांगायचं, हा सरकारपुढचा खरा कौटुंबिक पेच आहे.

लोकांनी बोलून काही होत नाही, हे मात्र मला पटत नाही. २०१५ मध्ये इंटरनेटवर काही संकेतस्थळं फुकट आणि बाकीची पैसे मोजून, अशी विभागणी होऊ घातली होती. तेव्हा ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे वेगवेगळे दर लावायला बंदी केली, आणि फेसबुकला ‘फ्री बेसिक्स’ या असल्याच योजनेचा भारतातला गाशा गुंडाळावा लागला. कट्टा तेव्हाही होता. फक्त त्या वेळी त्याने मत ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्याकडे पाठवलं.

तेव्हा मागणी एवढीच करा: ज्या नंबरवर सरकार ओटीपी पाठवतं, त्या नंबरवर सरकारी ओटीपी आणि आलेला फोन, वैधता संपली तरी बंद होऊ नये. त्याचा खर्च कंपन्यांकडूनच जमा होणाऱ्या, गावोगावी दूरसंचार पोचवण्यासाठीच्या निधीतून करा. आणि महिना महिन्याएवढा असावा. ट्राय एखाद्या विषयावर सल्लामसलतीचं पत्र काढते, तेव्हा त्यावर कोणाही नागरिकाला लेखी मत पाठवता येतं. ई-मेलने पाठवायचं असतं, तेव्हा त्या दिवशी तुमचा रिचार्ज चालू आहे ना ते आधी बघून घ्या.