माहितीवाले नाना

तिकोणा पेठेत गडाची वाट कोणालाही विचारावी, नानांना विचारू नये. नाना आधी ती वाट कोणत्या निधीतून झाली, अंदाजपत्रकात खडी किती होती आणि प्रत्यक्षात किती पडली, ते सांगतात. तोवर ऊन डोक्यावर येतं आणि पुण्याची पोरं वडापाव खाऊन पवनेच्या पाण्याकडे वळतात.

नानांच्या काखेत कायम कापडी पिशवी. तिच्यात दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप, रजिस्टर पोस्टाच्या पावत्या, कार्बन पेपर आणि शेंगदाण्यांची पुडी. शेंगदाणे अशासाठी, की कचेरीतलं ते काही घेत नाहीत. "आज आपण त्यांचा चहा प्यालो, तर उद्या ते आपल्याकडून चहापाणी मागतील," असं त्यांचं तर्कशास्त्र. नाना तालुक्याच्या कचेरीत शिरले की एका भाऊसाहेबांना मीटिंग आठवते, दुसऱ्यांची दाढ दुखू लागते. फाइल मात्र तीन टेबलं पुढे सरकते.

माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. त्या दिवशी दसरा होता, हे नाना पहिल्या भेटीतच सांगतात. "पांडवांनी शमीवरून शस्त्रं काढली, आपण नमुना 'अ' काढला!" दर खंडेनवमीला त्यांच्या घरी कोयत्या-विळ्याशेजारी या कोऱ्या अर्जालाही हळदकुंकू लागतं.

पुढे राज्याने नियम केला, की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. नाना खचले. त्यांची नुसती प्रस्तावना तेवढी व्हायची. ते रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली 'महोदय' ठेवावा की 'कृपया', यावर झुंजत बसले. काकूंना मात्र हा नियम मनापासून आवडला. "चहा टाक, आणि माझा चष्मा कुठंय गं?" असं नाना म्हणाले की आतून उत्तर येतं, "विषय दोन झाले. दुसऱ्याचा वेगळा अर्ज करा. माहिती ३० दिवसांत मिळेल."

काकू एकाच बाबतीत थट्टा करत नाहीत. याच मावळात, तळेगाव दाभाड्यात, सतीश शेट्टी माहिती अधिकारातून द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तेव्हापासून काकूंनी नानांचं पहाटेचं फिरणं बंद केलं. नाना भर दुपारी छत्री घेऊन फिरतात. अर्ज मात्र एकही कमी झालेला नाही.

गाव नानांना हसतं आणि वापरतंही. सातबाऱ्यावर वारसनोंद अडली, साहेब 'बघू' म्हणाले, की माणूस नुसतं पुटपुटतो, "नानांना विचारून येतो." नोंद होते. लाच न देता काम होतं, तेही नानांनी एस.टी.चं तिकीट न काढता.

ही गोष्ट एका एजंटाने हेरली. तो लोकांकडून दोनशे रुपये घेऊन कचेरीत नुसतं "नानांचा माणूस आहे" म्हणू लागला. भाव कमी, काम वेळेत, लोक खूश. नानांना कळलं तेव्हा त्यांना घास गिळेना. भ्रष्टाचार शिल्लक होता तो होता, वर त्यांच्याच नावावर!

त्यांनी तत्काळ अर्ज ठोकला: 'माझ्या नावे आजवर किती जणांकडून किती रक्कम घेण्यात आली, त्याचा तपशील द्यावा.' तिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.'

नानांनी पहिलं अपील लिहिलं. त्याला वीस रुपयांचा स्टँप लागतो आणि नेमके पिशवीत दहाचेही संपलेले. बाजारात तो फक्त त्या एजंटाकडे होता. त्याने पंचवीस सांगितले.

नानांनी पंचवीस मोजून दिले आणि वरच्या पाचाची पावती मागितली.