ही ‘बाई’ कोण?

कामठी छावणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारकाकांनी उभ्या नोकरीत शत्रू लांबून ओळखला. स्वतःच्या बायकोची ओळख पटवून द्यायला मात्र तीन हेलपाटेही पुरले नाहीत. पेन्शनच्या कागदावर काकूंचं नाव नुसतंच, आधारवर त्याला ‘बाई’ चिकटलेली. खिडकीतून प्रश्न आला, ‘ही बाई कोण?’ चाळीस वर्षांचा संसार पदराने घाम पुसत शेजारीच उभा होता. पण त्याची साक्षांकित प्रत नव्हती.

हे हेलपाटे होते काकूंचं नाव आरोग्य योजनेत घालण्यासाठी. माजी सैनिकांची ही अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, २००३ साली सुरू झाली. तारीख १ एप्रिल, योगायोगच म्हणायचा. नियम तसे सरळ. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमवू लागला किंवा बोहल्यावर चढला, की नाव कमी. म्हणजे बेकार पोरगाही बापाआधीच ‘निवृत्त’! आईवडिलांचं उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. माया कितीही असो, आश्रित ठरतात ते आकड्याने.

चौथ्या फेरीला निघताना काकू म्हणाल्या, “अवो, त्यापरीस पुन्हा लगीन करा माझ्याशी. कोरं सर्टिफिकेट तरी भेटंल!”