शिव्या खाल्ल्या, भाव चढला

बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतल्या चार पोरांची ‘ब्लॅक सॅबथ’ ही पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आली. ध्वनिमुद्रण जेमतेम एका दिवसात उरकलेलं. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने तिची सालटी काढली, लोकांनी मात्र ती ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर नेली. २०१७ साली त्याच ‘रोलिंग स्टोन’ने तिला मेटलच्या शंभर श्रेष्ठ अल्बमांत मानाने बसवलं. पश्चातबुद्धी म्हणतात ती हीच!

आता तिच्या जुन्या प्रतींचे विक्रेते भिंग घेऊन बसलेत. व्हर्टिगो कंपनीचं काळं-पांढरं भोवऱ्याचं लेबल शाबूत? वेष्टनाच्या आतल्या घडीतला उलटा क्रॉस ठसठशीत? कोपरे दुमडलेले नाहीत ना? मग लावा चढा भाव. वाजवायची मात्र नाही; सुई टेकली की किंमत उतरते. पैसेवाल्यांनो, खुशाल घ्या. पण एकदा तरी वाजवा. आवाज अजून फुकट आहे.